सायकल ट्रॅक हवा, सक्ती नको



या व्याख्यानमालेत सायकलवर बोलायचं मी ठरवलं, त्याला एक तातडीचं कारण आहे. राज्य सरकारला लवकरच काही नियम करावे लागणार आहेत आणि त्यांत एक वाक्य शिरू नये असं मला वाटतं. ते शिरल्यावर बोलून उपयोग नाही, म्हणून आज बोलतो.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रस्ते अपघातांच्या एका जुन्या याचिकेत सगळ्या राज्यांना सांगितलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१-अ) खाली सहा महिन्यांत नियम करा. हे पोटकलम २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. इंजिन नसलेली वाहनं आणि पायी चालणारी माणसं यांनी सार्वजनिक ठिकाणी आणि राष्ट्रीय महामार्गावर कसं वागावं, कुठं यावं, कुठं येऊ नये, हे ठरवायचा अधिकार त्यानं राज्यांना दिला. सायकल, हातगाडी, बैलगाडी आणि तुमचे-माझे पाय, सगळं त्यात आलं. मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची दिली. न्यायालयाला काळजी आहे ती जिवाची, आणि ती अस्थानी नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं मेली. त्यांत पायी चालणारे ३२ हजारांवर होते आणि सायकलवाले पावणेपाच हजारांवर.

पण नियम लिहायला बसलेल्या माणसाच्या हाताशी एक सोपं वाक्य तयार असतं : ‘जेथे सायकल ट्रॅक उपलब्ध असेल तेथे सायकलस्वाराने त्याचाच वापर करणे बंधनकारक राहील.’ वाचायला किती निरुपद्रवी! हेतूही चांगला. यात कुणाचं काय बिघडलं, असं कुणालाही वाटावं. माझा विरोध या वाक्याला आहे. ट्रॅक मात्र हवेत, भरपूर हवेत, आणि ते मागायलाही मी आज उभा आहे.

आधी आजची स्थिती काय ते पाहू. कायद्याच्या लेखी सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिला नंबरप्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही, विमा लागत नाही. १९८९ साली केंद्रानं रस्ता वापराचे जे नियम केले, त्यांतला अकरावा नियम सायकल ट्रॅकबद्दल होता. तो काय सांगत होता? जिथं फुटपाथ किंवा सायकल ट्रॅक केलेला आहे, तिथं गणवेशातल्या पोलिसाच्या परवानगीशिवाय मोटारचालकानं त्यावर गाडी घालायची नाही. म्हणजे बंधन होतं ते गाडीवाल्यावर. ज्याच्या वाहनानं दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो त्याला आवरायचं, ही साधी सरळ दिशा होती. आता येऊ घातलेलं वाक्य ही दिशा उलटी करील.

आमच्या पिढीला सायकलवरची सक्ती नवी नाही, हेही सांगून टाकतो. नगरपालिकेचा बिल्ला सायकलला लावावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला की पोलीस अडवी, डबलसीट दिसलं की खाली उतरवी आणि चाकातली हवा सोडी. त्या काळी रस्त्यावर सायकलीच जास्त होत्या, म्हणून कायदा सायकलच्या मागं लागला होता. आज मोटरसायकलवर तिघंतिघं बसून जातात आणि त्यांच्या चाकातली हवा कुणी सोडत नाही.

आता आपल्या गावाकडं येऊ. कोल्हापूर महापालिकेची हद्द जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. गंगावेशीतून निघालं की अर्ध्या तासात सायकलनं विद्यापीठ गाठता येतं, सागरमाळाचा चढ धरूनसुद्धा. सायकलसाठी यापेक्षा बेतशीर शहर शोधून सापडणार नाही. देशभरात २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या दर आठांपैकी एकजण कामावर सायकलनं जात होता. ते प्रमाण मोटरसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा थोडं का होईना, जास्तच होतं. तेव्हापासून चित्र बदललं आहे हे डोळ्यांना दिसतं. वडणगे, आंबेवाडीकडून शिवाजी पुलावरून दुधाच्या किटल्या घेऊन येणारे गवळी आता मोटरसायकलवर आहेत. राहिले कोण? कारखान्यात रोजंदारीवर जाणारे, पेपर टाकणारी पोरं, शाळेतल्या मुली, रात्रपाळीचे वॉचमन, आणि पहाटे जोतिबाचा घाट चढणारी, हेल्मेट घातलेली हौशी मंडळी. या शेवटच्या लोकांच्या सायकलच्या किमतीत पहिल्यांच्या डझनभर सायकली येतील. नियम मात्र सगळ्यांना एकच लागणार.

त्यातल्या पहिल्याकडं, कारखान्यात जाणाऱ्याकडं, जरा जवळून बघू या. कोल्हापूरच्या सायकलवाल्याला रस्त्यावरून बाजूला काढायचं काम तसं कधीच होऊन गेलंय. त्याला दिलेली जागा म्हणजे साइडपट्टी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीकडं सकाळच्या पाळीला निघालेला माणूस घ्या. काळी बावीस इंची सायकल, कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीनं आवळलेला डबा, पँटचा पाय मोज्यात खोचलेला. पांढऱ्या पट्ट्याच्या डावीकडं जे हातभर डांबर उरतं, त्यावरून तो चाललेला असतो. मागून ट्रकचा हॉर्न येतो. तो खाली साइडपट्टीवर उतरतो. डांबराचे थरावर थर पडून रस्ता वर आलेला असतो आणि साइडपट्टी होती तिथंच राहिलेली असते. मधे चार बोटं उंचीची कड. उतरताना चाक आपटतं, एवढंच. खरी कसोटी वर चढताना. कडेला लागून तिरकं चढायला गेलं, की पुढचं चाक कडेला घासत राहतं, हँडल पिळतं आणि माणूस उजव्या अंगावर, म्हणजे थेट रहदारीत पडतो. म्हणून जाणता सायकलवाला आधी डावीकडं खडीत जातो, हँडल वळवतो आणि कडेवर चाक सरळ समोरून घालतो. त्यासाठी त्याला क्षणभर रस्त्यात आडवं यावं लागतं. मागच्या कारवाल्याला वाटतं, हा मरायला मधेच घुसला. त्या चार बोटांच्या कडेची खबर कारमधे बसलेल्याला नसते.

ट्रॅक कसा असावा याचं शास्त्र आपल्याकडं नाही असं समजू नका. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल ट्रॅकवरची आपली शिफारस १९६२ सालीच छापली. त्यात ट्रॅक केव्हा लागतो ते दिलं आहे : गर्दीच्या तासाला चारशेच्या वर सायकली जात असतील आणि त्याच रस्त्यावर तासाला शंभर-दोनशे मोटारगाड्या असतील, तेव्हा. रुंदी किमान दोन मीटर. कागदावर सगळं आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही सायकल आणि पायी चालणाऱ्यांना जागा द्या असं लिहिलं आहे.

जमिनीवर काय झालं ते बघायला पुण्याला जाऊ. पुणं म्हणजे एकेकाळी सायकलींचं शहर. तिथं गेल्या वीसेक वर्षांत बीआरटीच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गांच्या, बरोबरीनं, पुढं रस्त्यांच्या सुशोभीकरणाबरोबर ट्रॅक झाले. २०१७ मध्ये महापालिकेनं सायकल आराखडाही मंजूर केला, सुमारे आठशे किलोमीटरच्या जाळ्याचा. आराखडा अभ्यासून केलेला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुण्यातल्या एखाद्या जुन्या ट्रॅकवर सायकल घालून बघा. सुरुवातीलाच गाड्या शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले, त्यांतून हँडल जेमतेम निघतं. पुढं पेव्हर ब्लॉक, त्यातले काही खचलेले. दर सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. मग विजेची डीपी. मग उभ्या केलेल्या स्कूटरी. मग भेळेची गाडी, तिच्या भोवती खाणारे लोक, त्यांच्याशी भांडायचं कुणाला सुचणार? आणि चौक आला की ट्रॅक संपतो. जिथं गाड्या वळतात, एकमेकांना छेद देतात, जिथं सायकलवाल्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमका तिथंच तो हात सोडतो.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास ट्रॅक झाला. वापराविना पडून राहिला आणि २०२५ मध्ये तो काढून ती जागा गाड्यांना द्यायचं ठरलं. दिल्लीत २००८ च्या बीआरटीबरोबर केलेल्या ट्रॅकवर मोटरसायकली घुसल्या, आणि पुढं तो बीआरटी मार्गच उखडला गेला. पवई तलावाच्या काठचा सायकल व जॉगिंग ट्रॅक मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. या पवईच्या प्रकरणात पर्यावरणाइतकंच मला दुसरंही काही दिसतं. आपल्याकडं ट्रॅक म्हटलं की तलाव आठवतो. तलावाभोवती गोल फिरणारा ट्रॅक कुणालाही कामावर नेत नाही. आमच्या रंकाळा तलावावर संध्याकाळी फिरायला आम्हालाही आवडतं, पण ज्याला साडेसातचं कार्ड पंच करायचं आहे त्याला रंकाळ्याला चक्कर मारून काय मिळणार?

आता सक्तीच्या बाजूचं म्हणणं. ते मी थट्टेवारी नेणार नाही. जनतेच्या पैशातून ट्रॅक बांधला, मग तो सोडून मुख्य रस्त्यावर येण्याचा हट्ट कशासाठी? नेदरलँड्समध्ये गोल निळी पाटी असली की सायकल ट्रॅकवरनंच न्यावी लागते आणि तिथं कुणी कुरकुरत नाही. मग आपणच का कुरकुरायचं?

नेदरलँड्सचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांवर माणसं मेली, त्यांत मुलं पुष्कळ. ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. त्यानंतर अनेक वर्षं खर्चून तिथं चौकाचौकातून सलग जाणारे ट्रॅक झाले, वस्तीतले रस्ते ताशी ३० किलोमीटरवर आणले गेले. शिवाय कायदा असा, की मोटार आणि सायकलची टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची धरायची. एवढं सगळं एकत्र आल्यावर ती निळी पाटी सक्तीची वाटतच नाही. आपण पाटी तेवढी आणणार आणि बाकीचं पुढच्या अंदाजपत्रकात बघू म्हणणार.

जर्मनीची गोष्ट उलटी आहे. तिथं १९३४ च्या वाहतूक नियमांनी ट्रॅकची सक्ती आली. साल बघितलं की काळ लक्षात येईल. मोटारींना रस्ता मोकळा करून देणं हा हेतू त्यात उघड होता. पुढची साठ वर्षं लोकांनी ती पाळली. मग अनुभवावरून १९९७-९८ मध्ये सक्ती फक्त पाटी लावलेल्या ट्रॅकपुरती उरली, आणि १८ नोव्हेंबर २०१० ला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सांगितलं, की जिथं नेहमीपेक्षा बराच जास्त धोका असल्याचं दाखवता येईल तिथंच अशी सक्ती करता येईल. म्हणजे सक्ती का हवी हे नगरपालिकेनं सिद्ध करायचं, सायकलवाल्यानं नाही.

आणि ब्रिटन. डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर मंत्री हॉर-बेलिशा यांनी अडीच मैलांचा ट्रॅक सुरू केला, दोन्ही बाजूंना, साडेआठ फूट रुंद. सायकलवाल्यांची जुनी संघटना सायकलिस्ट्स टूरिंग क्लब विरोधात उभी राहिली. आज ट्रॅक दिला, उद्या रस्ता काढून घेतील, असं त्यांचं म्हणणं. रस्ता काही काढून घेतला गेला नाही. तिथं सक्तीचा कायदा आजतागायत झालेला नाही. पण २००७ मध्ये हायवे कोड या तिथल्या वाहतूक नियमावलीच्या नव्या मसुद्यात सायकलवाल्यांनी उपलब्ध सोयी वापराव्यात असं वाक्य आलं, आणि त्याच संघटनेनं पुन्हा रान उठवलं. अखेर ट्रॅक वापरणं बंधनकारक नाही असं स्पष्ट लिहून घेतलं. एका सल्लावजा वाक्यासाठी एवढी धडपड का केली?

इथंच विषयाचा गाभा आहे. सक्तीच्या वाक्याचा दंड शंभर रुपये असेल की पाचशे, याला महत्त्व नाही. आपला पोलीस सायकलवाल्याला पकडून पावती फाडणार नाही, एवढा मला त्याच्यावर विश्वास आहे. ते वाक्य वापरलं जाईल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. समजा ट्रकनं सायकलवाल्याला उडवलं. बायको, दोन मुलं, म्हातारी आई दाव्यात उभी राहिली. विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारील, घटनास्थळी सायकल ट्रॅक होता काय? होता. मयत मुख्य रस्त्यावर होता काय? होता. मग मयतानं नियमभंग केला, त्याचाही निष्काळजीपणा धरा आणि भरपाईतून तेवढा वाटा वजा करा. त्या ट्रॅकवर त्या दिवशी वाळूचा ढीग पडला होता, चेंबरचं झाकण गेलं होतं, हे सांगायला सायकलवाला उरलेला नसतो. पंचनाम्यात ट्रकची स्थिती येते, रस्त्याची रुंदी येते, ट्रॅकवरची भेळेची गाडी येत नाही. ज्यानं ट्रॅक नीट बांधला नाही तो सुटला, ज्यानं त्यावर गाडी उभी केली तो सुटला, आणि पैसे कापले गेले विधवेचे. ब्रिटनच्या त्या संघटनेची २००७ मधली भीती नेमकी हीच होती.

सक्तीचा दुसरा परिणाम प्रशासनावर होतो. ट्रॅक ऐच्छिक असेल तर तो चांगला बांधावा लागतो, नाहीतर त्यावर कुणी येत नाही आणि पैसा वाया गेलेला दिसतो. सक्ती असली की कसाही चालतो. रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारायचा आणि सायकलवाल्याला त्यात कोंबायचं. कोलकात्यात तर पट्ट्याचीही गरज वाटली नाही. तिथल्या पोलिसांनी २००८ मध्ये अडतीस रस्त्यांवर आणि २०१३ मध्ये १७४ रस्त्यांवर सायकलबंदी केली होती. दूधवाले, पेपरवाले, मोलकरणी, सगळे एका रात्रीत गुन्हेगार. पुढं ती यादी कमी करावी लागली.

सायकलवाले कर कुठं भरतात, असंही विचारलं जातं. मोटारींचा कर राज्याच्या तिजोरीत जातो. गल्लीतला रस्ता महापालिका करते, आणि तिचा घरफाळा घरटी सगळेच भरतात, भाडेकरूसुद्धा भाड्यातून भरतो. कोल्हापूरकरांना तर रस्त्याच्या पैशांबद्दल कुणी शिकवू नये. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांच्यामागं हे गाव वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल घालवून थांबलं. रस्ता कुणाचा, हा प्रश्न इथं एकदा नीट विचारून झाला आहे.

बंदी कुठंच नको असं मी म्हणत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल नको, हे मला मान्य आहे. तिथं मोटरसायकललाही बंदी आहे आणि दोघांना जुना महामार्ग मोकळा आहे. आपल्या दारात सध्या कागल ते साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू आहे. उद्या त्या सहा पदरांवर सायकलला बंदी करायची असेल तर मी तक्रार करणार नाही. फक्त सर्व्हिस रोड दोन्ही बाजूंनी अखंड द्या, ओढा आला म्हणून मधेच तोडू नका, दिवे लावा, आणि खालच्या बोगद्यांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत गुडघाभर पाणी साठणार नाही एवढं बघा. सर्व्हिस रोड जिथं संपतो तिथं बंदीही संपली पाहिजे.

आणि सायकलवाल्यांनो, तुमचंही थोडं चुकतं. पहाटे हायवेवर चौघं-चौघं शेजारी-शेजारी गप्पा मारत जाता, तेव्हा मागचा ट्रकवाला रात्रभर जागलेला असतो हे लक्षात ठेवा. एकामागं एक चला. मागं लाल दिवा लावा, फार महाग मिळत नाही. उलट्या बाजूनं येऊ नका. हे शेवटचं सांगताना मात्र माझी जीभ अडखळते, कारण दुभाजकाला फट अर्ध्या किलोमीटरवर ठेवलेली असते आणि पायडल मारणाऱ्याला तो वळसा पोटऱ्यांत जाणवतो.

कोल्हापुरात करायचं काय? महाद्वार रोड, पापाची तिकटी, गुजरी इथं ट्रॅक आखायला जागाच नाही आणि गरजही नाही. तिथं गाड्यांचा वेग कमी ठेवला की सायकल आपोआप सुरक्षित होते. ट्रॅक हवेत ते वेगाच्या रस्त्यांवर : कावळा नाक्याकडून तावडे हॉटेलपर्यंत, विद्यापीठाच्या रस्त्यावर, फुलेवाडी ते कळंबा रिंग रोडवर, दोन्ही एमआयडीसींना जाणाऱ्या वाटांवर. तिथं दोन मीटरचा, चौकातूनही सलग जाणारा ट्रॅक करा आणि त्यावर उभी केलेली पहिली कार उचलून न्या, मग ती कुणाचीही असो. तो भरतो की नाही ते बघा. भरला तर सक्तीचं कारण उरत नाही, आणि रिकामा राहिला तर काय बिघडलंय ते बांधणाऱ्याला विचारायला हवं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे असे नियम अंतिम करण्याआधी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. मसुदा निघेल तेव्हा वर्तमानपत्रात कोपऱ्यात छोटी बातमी येईल. ती वाचली की एक पोस्टकार्ड, नाहीतर ईमेल, गृह विभागाच्या परिवहन शाखेला पाठवा. फार लिहायचं कारण नाही. एवढंच लिहा : सायकल ट्रॅक वापरणे सायकलस्वाराच्या इच्छेवर राहील, तो न वापरल्याच्या कारणावरून कोणत्याही भरपाईत कपात होणार नाही, ट्रॅक मोकळा व सुस्थितीत ठेवणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी राहील. खाली नाव, गाव आणि सही.